चांदीची मोड तेजाबात शुद्ध करायची आहे? साहित्य घेण्याआधी हे वाचा

विट्याच्या आसपासच्या गावांत घरटी एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडचे माण-खटाव, हा सगळा कमी पावसाचा पट्टा. शेतीवर भागेना म्हणून इथली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. मी बारावीनंतर मामांच्या दुकानात गेलो. आठ बाय दहाची खोली, एक खिडकी आणि खिडकीत पाती खाल्लेला पंखा. तेजाबाचा तांबूस धूर निघाला की मामा गमछा तोंडाला लावून काम करायचे. आज ते एक जिना चढताना दोनदा थांबतात. त्यामुळे नवीन मुलगा फोन करून "काका, सुरुवातीला काय काय घेऊ?" असं विचारतो, तेव्हा मी बीकरचं नाव घेतच नाही. सगळे आधी बीकर घेतात, मग तेजाब, आणि पैसे उरले तर पंखा. हाच क्रम उलटा करा, एवढं सांगण्यासाठी हा लेख लिहितोय.

इथे फक्त चांदीच्या मोडीबद्दल, म्हणजे मोडीत काढलेल्या जुन्या दागिन्यांबद्दल, आणि नायट्रिकच्या पद्धतीबद्दल बोलणार आहे. आपल्याकडे नायट्रिकला शोऱ्याचं तेजाब किंवा नुसतंच तेजाब म्हणतात. त्यात चांदी आणि तांबं दोन्ही विरघळतात. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की तांबं पाण्यात उतरतं आणि चांदी राखाडी भुशासारखी खाली बसते. ती धुवायची, वाळवायची, मुशीत गाळायची. पद्धत जुनीच आहे, नुकसान होतं ते साहित्यातल्या चुकांमुळे.

1. एका घाण्यात (एका वेळी) किती ग्रॅम, हे आधी ठरवा

भांडं, पंखा, बादली, मूस, सगळ्यांची मापं या एका आकड्यावर ठरतात. हिशोब असा. बाजारात मिळणारं तीव्र नायट्रिक साधारण 68 ते 70 टक्क्यांचं असतं. ते निम्म्याला निम्मं पाणी घालून वापरायचं. 100 ग्रॅम चोख चांदीला जवळपास 80 मिली तीव्र तेजाब लागतं. 100 ग्रॅम तांब्याला मात्र 265 मिलीच्या आसपास! म्हणजे मोडीत तांबं जितकं जास्त, तितकं तेजाब जास्त आणि धूरही जास्त.

925 शिक्क्याची, म्हणजे हजारात 925 भाग चांदी असलेली, 100 ग्रॅम मोड असेल तर 93 मिलीचा हिशोब निघतो, वाफेत जाणारं धरून 100 ते 120 मिली ठेवा. साठ टंचाचे, म्हणजे शंभरात साठ भाग चांदीचे, पैंजण असतील तर तेवढ्याच वजनाला 155 मिली लागतं. पैंजण, जोडवी, वाळे यांच्या मोडीचा धंदा करणाराने 925 च्या हिशोबाने भांडी घेतली तर पहिल्याच आठवड्यात फेस बाहेर येतो.

नवख्याने 200 ते 250 ग्रॅमचा घाणा धरावा. त्याहून लहान घाण्यात मेहनत वाया जाते, आणि मोठ्यात एक चूक फार महागात पडते. पुढची सगळी मापं 250 ग्रॅमची आहेत.

2. धुराची वाट

इथे मी जास्त थांबणार आहे.

925 ची 250 ग्रॅम मोड विरघळताना साधारण 22 लिटर वायू निघतो. निघताना तो बराचसा रंगहीन असतो, हवेला लागला की तांबूस होतो. म्हणून "आता रंग दिसत नाही, धूर संपला" असं समजून आत डोकं घालू नका. दहा बाय दहा फुटांची, दहा फूट उंचीची खोली बंद असेल आणि तो सगळा वायू तिच्यात राहिला, तर हवेच्या दशलक्ष भागांत सातशेच्या वर भाग हा वायू होतो. वीस भाग झाले तरी जिवाला धोका मानतात. वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो वर न जाता जमिनीलगत साचतो. छताजवळचा झरोका इथे कामाचा नाही.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढेच आहे. जास्त धूर छातीत गेला तरी त्या वेळी फक्त थोडा खोकला येतो, घशात आग होते, मग बरं वाटतं. फुफ्फुसात पाणी भरायला काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरुवात होते. धूर लागला असेल तर बरं वाटतंय म्हणून घरी जाऊन झोपू नका. दवाखान्यात जा आणि नायट्रिकचा धूर लागलाय असं स्पष्ट सांगा.

आता साहित्य. लागते ती तीन बाजूंनी बंद असलेली पेटी, समोर वर-खाली सरकणारी काच किंवा ॲक्रिलिकचा पडदा. तयार मिळते, सुताराकडून प्लायची बनवून आतून पीव्हीसीच्या पत्र्याने मढवूनही घेता येते. समोरच्या तोंडाशी हवा आत ओढली जाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर तरी हवा. तोंड 60 सेंटीमीटर रुंद आणि 50 उंच असेल, तर पंख्याने तासाला किमान 540 घनमीटर हवा ओढली पाहिजे. नळी आणि धूर धुण्याचा पिंप यांत जोर कमी होतो म्हणून याच्या दीडपट क्षमतेचा ब्लोअर घ्या. दुकानदार पंख्याचा व्यास सांगेल. तुम्ही व्यासावर जाऊ नका, घनमीटर विचारा.

ब्लोअर पीव्हीसीचा किंवा फायबरचा घ्या, आणि मोटर हवेच्या वाटेबाहेर असलेला. स्वयंपाकघरातला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पात्यांचा पंखा एका पावसाळ्यात गळून पडतो. पडण्याआधी तो महिनाभर नुसता फिरत असतो, ओढत काही नसतो, आणि ते आपल्या लक्षात येत नाही. रोज काम सुरू करण्याआधी पेटीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तरच तेजाबाची बाटली उघडायची.

नळी जाड पीव्हीसीची, कमीत कमी वळणांची. शेवटी धूर धुण्याचा पिंप. त्यात कॉस्टिक सोड्याचं 5 ते 10 टक्क्यांचं पाणी फिरतं आणि धूर त्यातून जातो. रंगहीन वायूला कॉस्टिक नीट धरत नाही, म्हणून पाण्यात थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. पिंपाशिवाय नळी सरळ बाहेर काढली तर तो धूर शेजारच्यांच्या खिडकीत जातो. गल्लीतली मुलंही तोच धूर छातीत ओढतात.

भाड्याच्या खोलीत, तळघरात किंवा घराच्या स्वयंपाकघरात हे बसवता येत नसेल, तर तिथे हे काम करू नका. मोड दुसऱ्या शुद्धीकरणवाल्याला द्या, त्याची मजुरी परवडते.

3. काचेची भांडी

फक्त बोरोसिलिकेट काच. साधी काच गरम-थंडात तडकते, आणि लोणच्याची बरणी दिसायला कितीही जाड असली तरी ती साधीच काच.

925 च्या 250 ग्रॅमच्या घाण्याला तेजाब-पाणी मिळून पाचशे ते सहाशे मिली होतं. त्यासाठी 2 लिटरचा बीकर घ्या, म्हणजे भांडं पाव ते तिसरा हिस्साच भरेल. उरलेली जागा फेसासाठी. एकाऐवजी दोन बीकर घ्या, एक नेहमी रिकामा आणि कोरडा असू द्या. तडा दिसला तर ओतायला जागा हवी. बीकरवर झाकायला घड्याळकाच, म्हणजे बशीसारखी काच, लागते. तिच्यामुळे उडणारे थेंब परत आत पडतात, आणि ते थेंब म्हणजे चांदीच. ढवळायला काचेची कांडी, मापायला 100 आणि 500 मिलीचे मापपात्र. धातूचा चमचा कधीच नको.

स्टेनलेस स्टीलबद्दल बरेच जण विचारतात. मोठ्या कारखान्यांत नायट्रिकसाठी चांगल्या प्रतीचं स्टील वापरतात हे खरं. पण पाण्यातून किंवा मिठातून क्लोराइड आलं की त्याला खड्डे पडतात, आणि बाजारातल्या पातेल्याची प्रत कोणती हे तुम्हाला कळणार नाही. ॲल्युमिनियम, पितळ, जस्ताचा पत्रा यांचा तर विचारच नको.

प्लास्टिकमध्ये एचडीपीईची जाड पांढरी बादली चालते, पण फक्त थंड आणि पातळ केलेल्या पाण्यासाठी, म्हणजे तांब्याने चांदी उतरवण्याच्या टप्प्याला. गरम तेजाब बादलीत ओतायचं नाही.

4. भांड्याखाली काय आहे?

माझ्या पहिल्या वर्षी दुपारच्या वेळी बीकरचा तळ निघाला. आत चारशे ग्रॅम चांदी विरघळलेली. खाली शहाबादी फरशी. शहाबादी म्हणजे चुनखडीच, तेजाब पडताच ती फसफसायला लागली आणि चांदीचं पाणी फटीत गेलं. दोन दिवस फरशी उकरून झारेकऱ्याकडून माती धुऊन घेतली, तरी पंचेचाळीस ग्रॅमची घट आली. तेव्हापासून प्रत्येक बीकरखाली एचडीपीईचा खोल ट्रे असतो. भांड्यातलं सगळं पाणी मावून वर जागा उरेल एवढा खोल ट्रे घ्या. किंमत काही फार नाही.

तापवायला उघडी ज्योत नको. सिरॅमिकच्या पृष्ठाची हॉट प्लेट उत्तम. ती परवडत नसेल तर साध्या विजेच्या शेगडीवर वाळूचं तसराळं ठेवून त्यात बीकर बसवा, आच सारखी लागते. सुरुवातीला तापवूच नका. क्रिया स्वतःच गरम होते, शेवटी मंदावली की आच द्यायची.

सांडलेल्या तेजाबावर लाकडाचा भुसा किंवा गोणपाट टाकण्याची सवय अनेक दुकानांत आहे. तीव्र नायट्रिक भुशाला पेटवू शकतं. जवळ धुण्याच्या सोड्याचा डबा आणि कोरड्या वाळूची बादली ठेवा.

5. अंगावर काय घालायचं

पातळ निळे नायट्राइलचे हातमोजे तीव्र नायट्रिकपुढे टिकत नाहीत, लवकरच विरतात आणि हाताला चिकटतात. ब्युटाइल किंवा निओप्रीन रबराचे, कोपरापर्यंतचे जाड मोजे घ्या. डोळ्याला चारही बाजूंनी बंद चष्मा, त्यावर चेहऱ्याची पारदर्शक ढाल, अंगाला रबरी एप्रन. पायात बूट, चप्पल नाही. साध्या मास्कने हा वायू अडत नाही, आणि आम्लाच्या वाफेसाठी म्हणून विकली जाणारी मास्कला लावायची प्रत्येक डबीही या वायूला चालत नाही. डबीवर नायट्रोजनच्या वायूंचा स्पष्ट उल्लेख पाहा. तरीही मास्क म्हणजे पेटी बंद पडली तर बाहेर पळण्यापुरता, पेटीऐवजी वापरायला नाही.

डोळ्यात गेलं तर 15 मिनिटं सलग वाहत्या पाण्याने धुवायचं. म्हणून नळ दहा पावलांच्या आत हवा.

6. तेजाब, पाणी, तांबं

तेजाब प्रयोगशाळेच्या प्रतीचं घ्या. स्वस्त औद्योगिक तेजाबात क्लोराइड असलं तर चांदी पांढरी होऊन खाली बसते आणि घोटाळा होतो. पाणी डिस्टिल्ड. बॅटरीत घालायचं पाणी घेतलं तर एकदा तपासा: त्यात चांदीच्या तयार द्रावणाचा एक थेंब टाका, दुधासारखं झालं तर ते पाणी कामाचं नाही. बोअरचं किंवा नळाचं पाणी तर हमखास दूध होतं.

नेहमी पाण्यात तेजाब ओतायचं, आणि मोडीवर थोडं थोडं घालायचं. सगळं एकदम घातलं की फेस वर येतो, आणि बीकर कितीही मोठा असला तरी पुरत नाही.

तांबं 100 ग्रॅम चांदीला साधारण 30 ग्रॅम लागतं. जाड पट्टी घ्या, वायरचे तुकडे नकोत. तुकडे विरघळता विरघळता चांदीत मिसळून राहतात. पट्टी पितळेची किंवा मुलामा दिलेली नाही ना, ते कानशीने घासून पाहा.

चांदी मिठाने पांढरी करून उतरवण्याची दुसरी वाटही आहे. नवख्याला मी ती सांगत नाही. तिला धुण्याची भांडी जास्त लागतात, आणि तो पांढरा गाळ नीट परत चांदीत आणला नाही तर मुशीतून धूर होऊन चांदी जाते.

दोन वस्तू या टेबलाजवळही नकोत: अमोनिया आणि स्पिरिट. चांदीच्या द्रावणाबरोबर या दोन्हींपासून स्फोट होणारे पदार्थ तयार होऊ शकतात.

7. मोडीची तयारी आणि गाळणी

एक चांगलं लोहचुंबक घ्या, फासे आणि स्प्रिंगा आधी काढा. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा हवा. खडे, लाख, धागे वेगळे करा.

काही जण मोड आधी वितळवून पाण्यात ओततात आणि रवा करतात, तो लवकर विरघळतो. पण जुन्या पैंजणांच्या डाकात, म्हणजे सांधे जोडायच्या धातूत, कॅडमियम असू शकतं आणि वितळवताना त्याचा विषारी धूर निघतो. असा माल कात्रीने बारीक करून थेट तेजाबात घालणं बरं. रवा करायचाच तर तोही पेटीसारख्या ओढीखालीच.

गाळायला काचेचं नरसाळं आणि एक नंबरचा फिल्टर कागद पुरतो. डाकात कथील असेल तर पांढरा चिकट साका बसतो आणि कागद चोंदतो. तेव्हा रात्रभर स्थिर ठेवा, वरचं निवळ आधी गाळा. हातपंपाने हवा ओढून गाळणारं बुखनर नरसाळं नंतर घेतलं तरी चालेल. तळाशी काळसर भुकटी राहिली तर टाकू नका, सोन्याचा मुलामा असलेल्या मोडीतून उरलेलं ते सोनं असू शकतं.

पट्टी टाकल्यावर चांदी पूर्ण उतरली का, हे पाहायला परीक्षानळीत थोडं पाणी घेऊन मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. दूध झालं तर अजून चांदी आहे. उतरलेली चांदी गरम डिस्टिल्ड पाण्याने धुताना शेवटच्या पाण्यात निळी झाक अजिबात उरता कामा नये.

8. मूस

चांदी सुमारे 962 अंशाला वितळते. शंभर ग्रॅमपर्यंत गॅसची बंदूक आणि सिलिकाची वाटी चालते, 250 ग्रॅमला विजेची छोटी भट्टी आणि ग्राफाइटची मूस. नवी मूस आधी हळूहळू तापवून आतून टाकणखाराचा लेप द्या. चांदीची मूस चांदीलाच. पितळ गाळलेल्या मुशीत एकदाही नाही. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन पिते आणि थिजताना तो बाहेर फेकते, लगडीवर फोड येतात, थेंब उडतात. वर कोळशाचा तुकडा ठेवला की हे बरंच थांबतं. साचा तापवूनच घ्या, ओलसर साच्यात ओतलं तर धातू तोंडावर उडतो.

9. निळं पाणी

चांदी काढून उरलेल्या निळ्या पाण्यात तांबं आहे, ते गटारात जाऊ देऊ नका. त्यासाठी दोन वेगळ्या बादल्या, लोखंडाचे तुकडे, चुना आणि सामू दाखवणाऱ्या पट्ट्या घ्या. लोखंडावर तांबं उतरतं, ते विकलं जातं. मग चुना घालून सामू 8 ते 9 च्या मध्ये आणा, गाळ बसू द्या. हा गाळ घातक कचरा आहे, तो अधिकृत केंद्राला द्यायचा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत.

10. कागदपत्रं

ही साहित्याच्या आधी जमवायला लागा, वेळ लागतो.

- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, आणि 2016 च्या घातक कचरा नियमांखालचा परवाना. दुसऱ्या राज्यात दुकान असेल तर तिथल्या मंडळाचा.
- जागेचा करार, त्यात मालकाने या कामाला लेखी परवानगी दिलेली.
- उद्यम नोंदणी, जीएसटी, स्थानिक संस्थेचा परवाना.
- तेजाब घेताना फोटो असलेलं ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि वापराचं कारण. 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर किरकोळ विक्रेत्याला ही नोंद ठेवावी लागते. बिनानोंदीचं मिळतंय म्हणून घेऊ नका.
- काट्यावर वैधमापन विभागाचा चालू शिक्का.
- मोड खरेदीची वही: तारीख, वजन, टंच, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, सही.

शेवटच्या वहीत एकही दिवस खाडा करू नका. चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 411 खाली यायचा, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली येतो. आमच्या गलाईवाल्यांना परमुलखात या कलमाने फार सोसावं लागलंय. पोलीस दारात आले तेव्हा ज्याची वही पूर्ण होती, तो संध्याकाळी घरी जेवायला होता.

11. पहिला घाणा

सगळं बसवल्यावर एक दिवस नुसतं पाणी घेऊन पूर्ण कृती करा: ओतणं, झाकणं, गाळणं, बादली हलवणं. कुठे हात अडखळतो, कुठे नळी ठिबकते, ते कळतं. दुसऱ्या दिवशी 925 शिक्क्याची 50 ग्रॅम मोड घ्या, सोबत एक माणूस ठेवा. निघालेल्या चांदीचं वजन करा आणि तुकडा टंच काढायला द्या. 99 च्या वर आला तर साहित्य जमलं. 97-98 वर अडकला तर धुणं कमी पडलंय किंवा पट्टी फार वेळ आत राहिलीय, त्याच चांदीवर परत तेजाब घालण्याआधी ते दुरुस्त करा. वजन 45 ग्रॅमच्या खाली भरलं तर ट्रे, कागद आणि धुण्याचं पाणी तपासा. चांदी तिथेच कुठेतरी आहे, म्हणून तोवर काहीही फेकू नका.